खाट क्रमांक चौदा

मातूशचं पत्र आलं तेव्हा मी दारात बूट काढत होते.
उंबऱ्याशी बर्फाचं पाणी, एक मोजा ओला,
आणि फोनवर, ब्रातिस्लाव्हाहून, अगदी अदबीनं :
आदरणीय केर्त्तू, तुमच्या फाइल-वाचक प्रोग्रॅममध्ये,
फॉन्टच्या भागात, ओळ एक हजार दोनशे सहा.
सोडून दिलेली जागा पुन्हा वापरली जाते.
पुरावा म्हणून एक छोटी फाइल जोडली आहे.
कृपया उघडू नये.

हसू आलं मला.
जन्मभर मी लोकांना उघडायलाच तर लावलं,
पगाराच्या स्लिपा, भाडेकरार, एक्स-रेचे अहवाल,
कुणाच्या मुलीनं शाळेतून पाठवलेलं प्रगतिपुस्तक.

ओळ माझीच. नव्याण्णव सालच्या मार्चमधली.
शेजारी टिपण, तेही माझंच : घाईत. नंतर बघू.
ते नंतर आज उजाडलं, दुपारी पावणेचारला,
जानेवारीच्या अखेरीस औलूत
त्या वेळी दिवस मावळतो.

चूक सांगायला सोपी आहे.
प्रोग्रॅम मेमरीत थोडी जागा मागून घेतो,
अक्षरांची वळणं तिथे मांडतो,
काम झालं की म्हणतो, घ्या, मोकळी केली.
पत्त्याची चिठ्ठी मात्र खिशातच राहते.
पुढच्या पानावर तीच चिठ्ठी हाताला लागते
आणि तो तिथे जातो, दार न वाजवता.
आत कोण, हे विचारायची त्याला पद्धत नाही.

या चुकीला पाठ्यपुस्तकात नाव आहे.
मला चौदा नंबरची खाट आठवते.

नोव्हेंबरात आल्पोसाठी सूप नेलं होतं,
सामन माशाचं, थर्मास टॉवेलात गुंडाळून.
जिना, डावीकडे, खिडकीजवळची चौदा.
तीन आठवड्यांत पायांना पाठ झालं होतं सगळं.
पडदा सारला तर खाटेवर दुसरेच आजोबा,
तीच निळी चादर छातीपर्यंत.
दवाखान्यानं सकाळी फोन केला होता म्हणे.
माझा फोन कोटात, कोट गाडीत.
आजोबा म्हणाले, उशीर केलास, हिल्क्का.
मी हिल्क्का नव्हते.
थर्मास उघडला, चमचा पुढे केला.
सगळं सूप संपवलं त्यांनी.
मीठ कमी आहे, म्हणाले.
नर्सनं खांद्यावर हात ठेवला
तोवर माझा भाऊ जेवत होता.

मातूशच्या फाइलमध्येही असाच कुणी झोपलाय,
छातीपर्यंत चादर ओढून.
तो आजारी नाही, एवढंच.
त्याला खाटेचा नंबर आधीपासून ठाऊक आहे,
पडदा सरेल तो क्षणही.
सूप नको त्याला. म्हणेल, किल्ल्या दे,
आणि माझा भाबडा प्रोग्रॅम देईल :
कुओपिओतल्या दातांच्या डॉक्टरकडे
बिलं उघडत बसलेल्या कारकुनाच्या,
त्यांच्या पेशंटांच्या, सगळ्यांच्या.

फाइल मी उघडलीच शेवटी,
नेटची वायर काढलेल्या जुन्या लॅपटॉपवर.
कोरं पान. मधोमध एकच अक्षर,
इतकं मोडकं, की कोणत्या लिपीतलं तेही कळेना.
मग पंखा जोरात फिरू लागला.

दुरुस्ती एका ओळीची.
जागा सोडलीस ना, मग चिठ्ठीही फाड :
पत्त्याच्या ठिकाणी शून्य.
चाचण्या रात्रभर चालल्या. मी राय ब्रेड खाल्ला, उभ्यानंच.
घाईतलं टिपण खोडलं,
त्या जागी काय लिहावं ते सुचेना, रिकामंच सोडलं.
मातूशला आभार कळवले, त्याचं वय विचारलं.
एकोणीस. ओळ त्याच्याहून थोरली.

झोपण्याआधी फोनमध्ये आल्पोचं नाव काढलं.
पुसून टाकू का, असं फोननंच विचारलं,
कारण बोट जरा जास्त वेळ दाबलं गेलं होतं.
नको म्हटलं.
कंपनी नंबर सहा महिने पडून ठेवते,
मग कुणालातरी देऊन टाकते.
सहा महिने म्हणजे मे.
तोवर समुद्रावरचा बर्फ सुटलेला असेल.